घाटमाथ्यावरची स्कूबा शाळा आणि समुद्राचे वेळापत्रक

समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर वसलेल्या सातारा शहरात स्कूबा डायव्हिंगचे वर्ग चालतात, हे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास हसू उमटते. मात्र ज्या सेवेचे हे परीक्षण आहे तिची खरी कसोटी या उंचीमुळेच लागते, आणि बऱ्याच अंशी ती त्या कसोटीला उतरते. शहरातील एका लहानशा कार्यालयातून चालणारी ही सेवा लेखी अभ्यास आणि तलावातील सराव साताऱ्यात करून घेते, तर प्रत्यक्ष समुद्रातील डायव्ह हंगाम पाहून मालवण, नेत्राणी बेट आणि अंदमान येथे घडवते. पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या असल्याने तिचे नाव येथे देत नाही. पोहण्याच्या तलावांवर नियमित जाणाऱ्या सातारकरांना ते विचारून सहज कळेल.

स्कूबाची सेवा निवडताना बहुतेक जण दरपत्रक आणि पाण्याखाली काढलेले व्हिडिओ पाहतात. व्हिडिओ नेहमीच निवडक दिवसांचे असतात आणि दरपत्रकावरून समुद्राची अवस्था कळत नाही. माझ्या मते अशा सेवेला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा, की तुम्ही वर्षातल्या कोणत्या दिवसांत आम्हाला पाण्यात नेणार नाही? या सेवेकडे त्या प्रश्नाचे तपशीलवार उत्तर आहे. कार्यालयाच्या भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावलेला असून त्यात प्रत्येक ठिकाणासमोर वाऱ्याची दिशा, पाण्याचा अंदाजे नितळपणा आणि तिथीनुसार भरती-ओहोटी लिहिलेली असते. हा तक्ता म्हणजेच या सेवेचा खरा माल आहे, असे मला वाटते.

जून ते ऑगस्ट हे महिने अर्थातच समुद्राचे नसतात. मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत, आणि 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ही सेवा हा काळ लेखी अभ्यास आणि तलावातील सरावासाठी वापरते, आणि त्यात शहाणपण आहे, कारण घाईने दोन दिवसांत उरकलेला सराव समुद्रात गेल्यावर उघडा पडतो. शिकवणारे प्रशिक्षक मराठीतून शिकवतात, दाबाचे गणित फळ्यावर मांडून दाखवतात. दर 10 मीटर खोलीला एक वातावरण इतका, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, म्हणून 10 मीटरवर फुप्फुसात जाणारी हवा पृष्ठभागाच्या दुप्पट घनतेची असते आणि पृष्ठभागावर तासभर पुरणारी टाकी तेथे साधारण निम्म्या वेळात संपते. हे सूत्र पाठ करणे सोपे आहे, पण दाबमापकाचा काटा आपल्या डोळ्यांदेखत उतरत असताना ते आठवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि सरावात नेमका त्यावर भर दिला जातो.

सातारा-सांगली भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची एक अडचण प्रशिक्षकांनी चांगली ओळखली आहे. आपल्याकडे अनेकांनी पोहणे विहिरीत किंवा कृष्णेच्या डोहात शिकलेले असते. सूर मारायचा, दम कोंडून तळ गाठायचा आणि मूठभर माती वर आणून दाखवायची, यात ज्यांचे बालपण गेले त्यांना पाण्याची भीती नसते, पण पाण्याखाली श्वास रोखून धरण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते. स्कूबामध्ये हीच सवय सर्वांत घातक ठरते. 10 मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा प्रसरण पावून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणूनच येथे रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी देणारे उपकरण, तोंडातून काढलेला असतानाही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहण्याचा सराव कंटाळा येईपर्यंत करवला जातो. आमच्या तुकडीत कऱ्हाडचा एक पट्टीचा पोहणारा होता. नवशिक्या गृहिणींना जे पहिल्या आठवड्यात जमले ते त्याला जमायला बराच काळ लागला, पण प्रशिक्षकांनी त्याला तोवर पुढे सोडले नाही.

वजनांच्या बाबतीतली शिकवणही नेमकी आहे. तलावाचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांच्या घनतेत साधारण अडीच टक्क्यांचा फरक असल्याने सर्व सामानासह 100 किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात सुमारे अडीच किलो जास्त वजन कमरेला बांधावे लागते. शिवाय आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना बुडते आणि रिकामी होत आली की तरंगू लागते, कारण आतली दोन-अडीच किलो हवा वापरून संपलेली असते. त्यामुळे डायव्हच्या सुरुवातीला अगदी बरोबर वाटणारे वजन शेवटी, वर येण्यापूर्वी सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते नेमके तेव्हा, कमी पडते आणि माणूस बुचासारखा वर ओढला जातो. तलावात जवळजवळ रिकामी टाकी पाठीला बांधून हे मुद्दाम अनुभवायला लावणारी सेवा मला अन्यत्र आढळली नाही.

आता हंगामाकडे वळू. सप्टेंबरमध्ये सातारकर कासच्या पठारावर फुले पाहायला गर्दी करतात, त्याच सुमारास मालवणात जलक्रीडा कागदोपत्री सुरू झालेल्या असतात. तरीही ही सेवा त्या महिन्यात कोणालाही मालवणला नेत नाही. पावसाळ्यात कर्लीसारख्या नद्यांनी समुद्रात आणलेला गाळ अजून खाली बसलेला नसतो, लाटांची उसळी तळ ढवळत असते आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजल्याने पाणी हिरवट दिसते. अशा वेळी हात लांब केला तर स्वतःचे हातमोजे धूसर दिसतात. नवशिक्याने पहिल्यांदाच अशा पाण्यात उतरावे, यात ना आनंद आहे ना सुरक्षितता. सप्टेंबरची चौकशी करणाऱ्यांना कार्यालयातून सरळ नकार मिळतो आणि डिसेंबरची तारीख सुचवली जाते. हे मी समोर बसून ऐकले आहे.

हाच काटेकोरपणा दिवाळीत मात्र ढिला पडतो, आणि माझी पहिली तक्रार त्याबाबत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला माणसांचा पूर येतो, पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात एकाच खडकाभोवती अनेक होड्या नांगर टाकून उभ्या असतात. ऑक्टोबरअखेरचे पाणी सप्टेंबरपेक्षा बरे असले तरी चांगले म्हणावे असे नसते. भिंतीवरच्या तक्त्यात दिवाळीच्या आठवड्यासमोर 'मध्यम' असे लिहिले होते. प्रत्यक्षात दोन-तीन मीटरपलीकडे काही दिसत नव्हते, आणि एरवी एका मार्गदर्शकामागे दोन किंवा तीन जण देण्याचा जो नियम आहे तो त्या सहलीत पाळला गेला नाही. वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या सुट्टीतून येत असणार, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या संस्थेची पत तिच्या नकारावर उभी आहे, तिने वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या आठवड्यात होकार स्वस्त करावा, हे पटत नाही.

मालवणचे खरे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. त्यातही सहलीची तारीख ठरवताना ही सेवा सुट्ट्यांबरोबर तिथीही पाहते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याचा ओघ जोरात असतो आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, भरती-ओहोटीतले अंतर कमी असते आणि पाणी त्यामानाने स्थिर राहते. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला हे ज्ञान जन्मजात असते, पण घाटावरच्या सहल-आयोजकाने त्याचा हिशेब धरून शनिवार-रविवार सोडून चक्क बुधवार निवडावा, याचे मला कौतुक वाटते. रजा काढावी लागली म्हणून कुरकुर करणारे सहप्रवासी पाण्यातून वर आल्यावर त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत.

मालवणचा प्रवाळ पाहून कोणी अंदमानची अपेक्षा ठेवू नये. 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झालेल्या या परिसरातील प्रवाळ प्रामुख्याने खडकांवर थर धरून किंवा गोळ्यांच्या आकारात वाढणारा आहे. गाळ सोसणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या या जाती दिसायला साध्या आहेत. पण हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसू लागले की याच खडकांवर पाहण्यासारखे पुष्कळ असते. पोपटमासा चोचीने खडक खरवडतो तेव्हा त्याचा 'कट्‌, कट्‌' असा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्या दिशेने पाहिले तर खडकावर समांतर ओरखडे दिसतात आणि थोड्या वेळाने तोच मासा पांढऱ्या वाळूची पिंक मागे सोडत पुढे जातो. खडकावरचे शेवाळ खाताना गिळलेला चुना तो दळून बाहेर टाकतो, आणि उष्णकटिबंधातील अनेक पांढऱ्या किनाऱ्यांच्या वाळूत अशा माशांचा वाटा असतो. आमच्या मार्गदर्शकाने पाटीवर बाण काढून हे दाखवले आणि त्यासाठी तब्बल दहा मिनिटे एकाच खडकाजवळ थांबू दिले. शेजारच्या होडीतली मंडळी त्या वेळात पाव कुस्करून माशांचे थवे गोळा करत होती. ही प्रथा किनाऱ्यावर बोकाळली आहे आणि त्यामुळे मासे आपले शेवाळ खाण्याचे काम सोडून माणसांच्या मागे फिरू लागतात. या सेवेच्या होडीवर मात्र पाव चढू देत नाहीत.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण मुख्यतः लिहिले तो. मालवणहून साताऱ्याला परतताना गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट चढावाच लागतो. गगनबावडा आणि आंबोली दोन्ही 600 मीटरच्या वर आहेत आणि किनाऱ्यावरून निघालेली गाडी साधारण तीन तासांत तेथे पोहोचते. पाण्याखाली दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यानंतर तो कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. त्या काळात भोवतालचा दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानप्रवासाबाबत हे बहुतेकांना ठाऊक असते. डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एकाच साध्या डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. पण हे मार्गदर्शन साधारण 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होते, ही गोष्ट विमानाशी संबंध नसलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. साताऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे मुंबईकर डायव्हर कोकणातूनच सपाटीने घरी जाऊ शकतो, सातारकर मात्र गाडीत बसून तेच करतो जे इतरांना विमानात बसून करू नका असे सांगितले जाते.

किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात वीस मिनिटे धरून नेणाऱ्या हौशी डायव्हमध्ये हा धोका फारच कमी असतो. दिवसाला दोन-तीन डायव्ह, त्याही 15 ते 18 मीटरपर्यंतच्या, अशा प्रशिक्षण सहलीत मात्र तो गांभीर्यानेच घ्यावा लागतो. दुपारी शेवटचा डायव्ह आटोपून, ताटभर मासे-भात जेवून रात्रीत घाट चढून घरी आणणाऱ्या सहली आपल्या भागात सर्रास चालतात, त्यांच्या जाहिरातीत 'रात्री घरी' हे आकर्षण म्हणून छापलेले असते. ही सेवा शेवटचा डायव्ह सकाळीच संपवते, तो दिवस आणि रात्र किनाऱ्यावर काढायला लावते आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर गाडी घाटाकडे काढते. त्यासाठी एका मुक्कामाचा खर्च वाढतो आणि तो शुल्कात स्पष्ट वेगळा दाखवलेला असतो. तो वगळून देण्याचा आग्रह आमच्यातील एका गृहस्थांनी धरला असता त्यांना पूर्ण पैसे परत घेऊन सहल रद्द करण्याचा पर्याय शांतपणे देण्यात आला. मोकळ्या दुपारी काय करावे, याची सोय मात्र काहीच नव्हती. किल्ला पाहून झालेल्यांनी खानावळीच्या ओसरीवर पत्ते कुटले.

नेत्राणीविषयी थोडक्यात. कर्नाटकातील मुर्डेश्वरसमोरचे हे बेट ऑक्टोबर ते मेच्या पूर्वार्धापर्यंत गाठता येते, डिसेंबर-जानेवारीत पाणी मालवणपेक्षा बरेच नितळ असते आणि खोलीही मिळते. होडीचा प्रवास लांबचा असल्याने मळमळीची गोळी आधी घ्यावी. साताऱ्याहून रस्त्याने जाण्याचा शीण पाहता, मालवण केलेल्यांनी थेट अंदमानकडे वळणे बरे, असे माझे मत झाले.

अंदमानचे वेळापत्रक कोकणापेक्षा वेगळे आहे आणि या सेवेच्या तक्त्यात ते स्वतंत्रपणे मांडलेले आहे, ही जमेची बाजू. तेथे नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्येचे वारे आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचा काळ असतो, जानेवारीतही स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या परिसरात समुद्र खवळलेला असू शकतो. फेब्रुवारीपासून वारा पडतो, मार्च-एप्रिलमध्ये पाणी काचेसारखे होते आणि चांगल्या दिवशी 20 मीटरच्या पलीकडेही दिसते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस तेथे आपल्या आधी दाखल होतो आणि हंगाम उतरणीला लागतो. त्यामुळे बहुतेक आयोजक एप्रिलची शिफारस करतात, शाळांच्या सुट्ट्यांशीही ते जुळते.

येथे या सेवेचे प्रशिक्षक एक गोष्ट सांगतात जी मला इतर कोणाकडून ऐकायला मिळाली नव्हती. डायव्हरला सर्वांत सुखाचा असलेला हा निवांत, उन्हाचा, लाटाविरहित काळच प्रवाळाला सर्वांत जड जातो. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देते आणि अन्नही. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अवघ्या एका अंशाने काही आठवडे चढे राहिले, तर ती भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. 1998, 2010 आणि 2016 या वर्षांत भारतीय समुद्रांतील प्रवाळाला याचा मोठा फटका बसला. 2010 साली अंदमानात हे घडले ते नेमके एप्रिल-मेच्या सुमारास. मग ढग येतात, वारा पाणी घुसळतो, तापमान उतरते आणि जगलेल्या प्रवाळाला सावरण्याची संधी मिळते. म्हणजे ज्या पावसाळ्याला आपण हंगाम संपला म्हणतो तो खडकाच्या दृष्टीने दिलाशाचा असतो. ही मांडणी लक्षात ठेवून ही सेवा आपली अंदमानची सहल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये ठेवते आणि एप्रिलअखेरीस नेत नाही. त्यामुळे व्यवसाय बुडत असणार.

स्वराज द्वीपच्या पाण्यात गोलाकार पिवळसर प्रवाळाच्या ढिगावर करंगळीच्या पेराएवढे, रंगीत पिसांच्या फिरक्यांसारखे दिसणारे कृमी वस्ती करून असतात. निळा, केशरी, पांढरा अशा रंगांच्या या जोडफिरक्या हाताची नुसती सावली पडली तरी क्षणात बिळात जातात आणि आपण हालचाल न करता थांबलो तर मिनिटाभराने दबकत बाहेर येतात. त्या परत बाहेर येईपर्यंत अंग स्थिर ठेवता येणे, हीच आमच्या तरंगण्याच्या कौशल्याची परीक्षा ठेवली होती. ज्यांचे फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पोहण्याचे पंख, प्रवाळाला लागले त्यांना बाजूला वाळूवर नेऊन पुन्हा सराव करायला लावला. तुटलेला तुकडाही खिशात घालू नये, कारण खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे आधीच बजावले होते. शिवाय परतीच्या विमानाआधी एक पूर्ण कोरडा दिवस ठेवला होता.

सामानाबाबत मात्र या सेवेला कमी गुण द्यावे लागतील. टाक्या आणि रेग्युलेटर व्यवस्थित असून त्यांच्या तपासणीच्या तारखा विचारल्यावर दाखवल्या जातात. भाड्याने मिळणारे, अंगाची ऊब टिकवणारे 3 मिलिमीटर जाडीचे वेटसूट मात्र गुडघ्यांशी विरलेले आहेत आणि स्त्रियांच्या मापाचे फारच थोडे आहेत, त्यामुळे माझ्या पत्नीला पुरुषांच्या मापाच्या सूटमध्ये पाठीतून थंड पाणी शिरत असल्याची तक्रार प्रत्येक डायव्हला करावी लागली. नव्या मास्कच्या काचेवरचा तेलकट थर टूथपेस्टने घासून काढावा लागतो, अन्यथा तिच्यावर वाफ धरते. हे त्यांनी आम्हाला दुसऱ्या डायव्हनंतर सांगितले, ते साताऱ्यातच सांगायला हवे होते. अभ्यासाचे पुस्तक आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत आहेत. मराठीतून शिकवणाऱ्यांनी निदान संज्ञांची दोन-चार पानी टिपणे तरी छापून द्यावीत, कारण वर्गातील दोन काका सर्व संकल्पना जाणत असूनही केवळ प्रश्नाच्या इंग्रजीत अडकले. वैद्यकीय अर्ज मात्र गांभीर्याने घेतात. दमा, रक्तदाब, कानाचे जुने दुखणे यांपैकी कशालाही 'हो' लिहिले की डॉक्टरांच्या सहीशिवाय तलावातही उतरवत नाहीत.

शुल्क कमी नाही. मालवणच्या किनाऱ्यावर फोटोसह मिळणाऱ्या वीस मिनिटांच्या अनुभवाशी त्याची तुलना करणाऱ्याला ते भरमसाट वाटेल, आणि ज्याला आयुष्यात एकदाच पाण्याखाली डोकावायचे आहे त्याने हिवाळ्यातील एखाद्या भांगाच्या दिवशी तो अनुभव घेऊन समाधान मानावे. ज्याला 18 मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याचे प्रमाणपत्र हवे आहे आणि त्यासाठी पावसाळाभर तलावात येण्याची तयारी आहे, त्याला ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. नाव जूनमध्ये नोंदवावे, मालवणची सहल डिसेंबरनंतरची मागावी, दिवाळीची तारीख देऊ केली तर नम्रपणे नाकारावी आणि शक्य असेल तर वेटसूट स्वतःच्या मापाचा घेऊन जावा.